विजया आणि अर्धावभेदक

१

अर्धशिशीवर भांगेचें औषध आपल्या पूर्वजांस वेदकाळापासून ठाऊक होतें, असें विधान अलीकडे वारंवार वाचण्यांत येतें. कोणी त्यासाठीं अथर्ववेदाचें नांव घेतो, कोणी सुश्रुताचें. आणि बहुधा त्या दाखल्यापाठोपाठ विजयेच्या अर्काची एखादी कुपी विक्रीस मांडलेली असते. विधान गोड आहे. तें खरें ठरल्यास आम्हांसहि आनंदच होईल. परंतु गोड लागतें म्हणून विधान ग्राह्य धरण्याची पद्धति इतिहाससंशोधनांत नाहीं, आणि औषधाच्या बाबतींत तर ती घातक आहे. कारण येथें चुकीच्या दाखल्याचा परिणाम एखाद्या वंशावळीवर होऊन थांबत नाहीं, तो दुखणाइताच्या देहावर होतो.

यास्तव प्रस्तुत लेखांत आम्हीं तीन प्रश्न वेगळे केले आहेत. अर्धशिशी हा रोग आपल्या शास्त्रकारांस स्वतंत्रपणें ज्ञात होता काय, हा पहिला. भांग ही वनस्पति औषध म्हणून केव्हां ज्ञात झाली, हा दुसरा. आणि हें औषध त्या रोगावर प्रथम कोठें, केव्हां व कोणीं योजिलें, हा तिसरा. पहिल्या दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें म्हणजे तिसऱ्याचें आपोआप तसेंच येतें, असें समजण्यांत सारा घोटाळा आहे.

२

प्रथम रोगाचा विचार करूं. संस्कृत वैद्यकांत यास ‘अर्धावभेदक’ असें नांव आहे. चरकसंहितेंत सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायांत शंखक, सूर्यावर्त व अनंतवात यांच्या जोडीनें त्याचें वर्णन येतें. मान, भुंवई, शंखप्रदेश, कान, डोळा आणि कपाळ यांच्या एकाच अर्ध्या भागांत शस्त्रानें तोडल्यासारखी किंवा अरणीच्या मंथनासारखी तीव्र वेदना होते, केवळ वातानें अथवा कफयुक्त वातानें ती उद्भवते, आणि फार बळावल्यास डोळा किंवा कान निकामी करते, असा त्या वर्णनाचा आशय आहे. सुश्रुताने उत्तरतंत्राच्या पंचविसाव्या अध्यायांत अकरा शिरोरोग सांगितले. त्यांत अर्धावभेदक त्रिदोषज म्हणून गणला असून तो पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं अथवा अवचित उठतो, असें म्हटलें आहे. भ्रम म्हणजे भोंवळ हें लक्षणहि तेथें दिलें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत, तेविसाव्या अध्यायांत, आणखी एक सूक्ष्म गोष्ट नमूद केली. हा रोग पक्षानें वा महिन्यानें खवळतो, आणि आपला आपणच शमतो. वाग्भटाचे हे शेवटचे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. त्यांचें प्रयोजन पुढें येणार आहे.

नांवाची गोष्टहि मनोरंजक आहे. यवन वैद्यांनीं याच दुखण्यास ‘हेमिक्रानिया’ म्हणजे अर्धी कवटी असें म्हटलें. तो शब्द लॅटिनमधून फ्रेंच भाषेंत जाऊन झिजला आणि ‘मिग्रेन’ झाला. अरबीतील ‘शकीका’ या शब्दाच्या मुळाशींहि दुभंगण्याचा, अर्ध्या भागाचा अर्थ आहे. आपली ‘अर्धशिशी’ तीच. तीन संस्कृतींनीं एकाच वेदनेस एकाच खुणेवरून नांव दिलें. तें त्यांनीं एकमेकांपासून घेतलें असें मानण्याचें कारण नाहीं. ज्याचें अर्धें कपाळ ठणकतें त्यास दुसरें नांव सुचणार तरी कोणतें?

चिकित्सेंत चरकानें स्नेहपान, नाडीस्वेद, जुनें तूप, बस्ति, उपनाह, शिरोबस्ति, शिरोविरेचन व शेवटीं दहन हे उपाय सांगितले आहेत. सुश्रुतानें शिरीष व मुळा यांच्या फळांचें, वेळूचें मूळ व कापूर यांचें, तसेंच वेखंड व पिंपळी यांचें अवपीड नस्य दिलें आहे. या सर्व योजनेंत भांगेचें नांव नाहीं. म्हणजे पहिल्या प्रश्नाचें उत्तर निःसंशय होकारार्थी येतें, परंतु त्या उत्तरांत आपल्या वनस्पतीस जागा नाहीं.

३

आतां वनस्पतीकडे वळूं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांतील सहाव्या सूक्ताचा पंधरावा मंत्र हाच बहुधा पुढें केला जातो. सोम ज्यांचा राजा आहे अशा वनस्पतींच्या पांच राज्यांची तेथें प्रार्थना असून दर्भ, यव यांच्या बरोबरीनें ‘भंग’ हा शब्द आहे. प्रार्थना संकटांतून मुक्तता व्हावी अशी आहे. रोगाचें नांव नाहीं, मात्रा नाहीं, अनुपान नाहीं. हा औषधयोग नव्हे. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांतील चौथ्या सूत्रांत तीळ, उडीद, जवस यांच्या पंक्तीस भंगा बसविली आणि तिच्या शेताला ‘भंग्य’ किंवा ‘भांगीन’ म्हणावें असें सांगितलें. यावरून भंगेची शेती होत होती एवढें सिद्ध होतें. ती वाकासाठीं होती कीं बियांसाठीं, हें सूत्र सांगत नाहीं. मादकतेसाठीं होती असें तर मुळींच सांगत नाहीं.

औषध म्हणून भांगेची ओळख निश्चितपणें पटते ती बरीच मागाहून. या विषयाचा बारकाईनें विचार करणारे पंडित डॉमिनिक वुयास्टिक यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत ती अकराव्या शतकाच्या सुमारास, वंगसेनाच्या चिकित्सासारसंग्रहापासून धरली आहे. शार्ङ्गधरसंहितेंत, म्हणजे इ. स. १३०० च्या आसपास, ती शास्त्राच्या चौकटींत पक्की बसलेली दिसते. पूर्वखंडाच्या चौथ्या अध्यायांत ‘व्यवायी’ द्रव्याचें, म्हणजे आधीं सर्व देहांत पसरून मग पचणाऱ्या द्रव्याचें, उदाहरण म्हणून भांग व अफू यांचीं नांवें दिलीं आहेत. मध्यमखंडांतील जातीफलादि चूर्णांत भांगेचा मोठा भाग असून तें ग्रहणी, कास, श्वास, अरुचि, क्षय, प्रतिश्याय यांवर सांगितलें आहे. आनंदकंद या रसग्रंथांत तर विजयेचा स्वतंत्र कल्प असून तिच्या मदाच्या नऊ अवस्था क्रमानें वर्णिल्या आहेत. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें गुणवर्णन केलें तें असें कीं, ही कफहर, कडू, ग्राही, पाचक, हलकी, तीक्ष्ण, उष्ण व पित्तकर असून मोह, मद, वाणी आणि अग्नि यांची वृद्धि करते.

या यादींतहि अर्धावभेदक नाहीं. आमच्या मतें हें आकस्मिक नसावें. आंतड्याच्या रोगांवर ग्राही व पाचक म्हणून जी वस्तु शोभते, तीच उष्ण, तीक्ष्ण आणि मोह वाढविणारी असल्यामुळें, ज्या रोगांत आधींच भ्रम आहे व ज्याची मुख्य चिकित्सा स्निग्ध आहे, तेथें वैद्याचा हात तिच्याकडे सहज वळला नसता. हा आमचा तर्क आहे, वचन नव्हे. परंतु तो शास्त्राच्या अंगभूत पद्धतीस धरून आहे.

४

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य आहे. ‘विजया’ हा शब्द दिसला कीं भांग, असा अर्थ करूं नये. हरीतकीच्या ज्या सात जाती निघंटूंत दिल्या आहेत त्यांतील पहिलीचें नांव विजयाच आहे. विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती व चेतकी ही ती मालिका. ‘जया’ या शब्दाचीहि हीच अवस्था. तो एकाहून अधिक वनस्पतींस लागतो. प्राचीन संहितांतील विजया ही भांग मानून जे दाखले दिले जातात, त्यांतील पुष्कळ या एकाच शब्दावर उभे आहेत. उलटपक्षीं मातुलानी, मादिनी, गंजा, इंद्राशन, त्रैलोक्यविजया हीं नांवें आलीं म्हणजे संशय बराच कमी होतो. मराठींत ‘भांगेंत तुळस’ उगवते अशी म्हण आहे; निघंटूच्या रानांत मात्र हरडा आणि भांग एकाच नांवानें उगवलेल्या आहेत, आणि त्या ओळखून वेगळ्या करणें हें ग्रंथसंपादकाचें पहिलें काम होय.

५

मग हे दोन प्रवाह एकत्र आले कोठें? आम्हांस ठाऊक असलेला सर्वांत जुना असंदिग्ध दाखला भारतांतील नसून इराणच्या बाजूचा आहे. गुंदेशापूर येथील प्रसिद्ध रुग्णालयांत काम केलेला साबूर इब्न सह्ल हा वैद्य इ. स. ८६९ मध्यें वारला. त्याच्या अकराबादीन म्हणजे योगसंग्रहांत भांगेच्या झाडाचा रस इतर द्रव्यांबरोबर मिसळून अर्धशिशी व डोक्याच्या वेदना यांसाठीं नाकांत घालण्यास सांगितला आहे. योग पोटांत घेण्याचा नाहीं, नस्याचा आहे, हें लक्ष्यांत घेण्याजोगें आहे. ही परंपरा युनानी वैद्यकांत टिकून राहिली. अठराव्या शतकांतील मख्झनुल्-अद्विया या फारसी ग्रंथांत भांगेच्या पानांची तपकीर मेंदू स्वच्छ करते आणि रसाचे थेंब कानांत घातल्यास ठणका राहतो, असें म्हटलें आहे.

गोव्यांतील साक्षहि येथें नोंदवितों. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ इ. स. १५६३ (शके १४८५) मध्यें गोव्यासच छापला गेला. त्यांत ‘बांग’ या वस्तूवर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें मार्तिम आफोंसु द सौझा यास सांगितलें कीं, रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण येथें जाण्याची इच्छा झाली म्हणजे आपण थोडी बांग खातों आणि काम होतें. ही कथा त्यानेंच लिहून ठेविली आहे. ओर्ताचा सर्व भर भूक, झोंप, उल्हास व चिंतामुक्ति यांवर आहे. पश्चिम किनाऱ्यावर वैद्यकी करणाऱ्या, देशी औषधांची चौकशी करण्याचाच छंद असलेल्या या गृहस्थास भांगेची जी ख्याति ऐकूं आली ती ही होती.

६

आतां आम्ही या प्रकरणाच्या मध्यभागीं येतों. इ. स. १८३९ (शके १७६१) मध्यें कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनीं गांजाच्या कल्पांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. हा तरुण आयरिश डॉक्टर १८३३ सालीं बंगाल्यांत आला होता. पुढें भारतांत तारायंत्राचें जाळें उभारणारा तो हाच. त्यानें आधीं जनावरांवर प्रयोग केले, मग राळेच्या अर्काच्या लहान मात्रा रोग्यांस दिल्या. संधिवात, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानें होणारा जलसंत्रास, पटकी, धनुर्वात आणि तान्ह्या मुलाचे झटके हे त्याचे विषय होते. जलसंत्रासाचा रोगी वांचला नाहीं, परंतु त्याच्या शेवटच्या यातना सौम्य झाल्या, हें त्यानें प्रांजळपणें लिहिलें. या सर्व प्रयोगांत अर्धशिशी नाहीं.

आमच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा भाग निबंधाच्या आरंभीं आहे. ओशॉनेसीनें देशी ग्रंथांतील माहिती कोणाकडून मिळविली तें सांगितलें आहे. फारसी व अरबी साधनांसाठीं सय्यद करामत अली व तेहरानचे हकीम मिर्झा अब्दुल रझेस. संस्कृतासाठीं एशियाटिक सोसायटीचे पंडित कमलाकांत विद्यालंकार आणि मेडिकल कॉलेजचे पंडित मधुसूदन गुप्त. हे मधुसूदन गुप्त म्हणजे १८३६ सालीं कलकत्त्यास प्रेतविच्छेदन करून इतिहासांत नांव मिळविलेले तेच. ते पूर्वीं संस्कृत कॉलेजांत वैद्यक शिकवीत असत. आणि १८३५-३६ मध्यें सुश्रुतसंहिता प्रथम छापून निघाली तिचे संपादकहि तेच होते.

याचा अर्थ काय होतो पाहा. ज्या माणसानें अर्धावभेदकाचा अध्याय अक्षरशः जुळवून, तपासून छापला, त्याच माणसास तीन-चार वर्षांच्या आंत भांगेविषयीं आपल्या शास्त्रांत काय आहे असें विचारण्यांत आलें. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें राजनिघंटु व राजवल्लभ हे ग्रंथ दाखविले. त्यांतून ओशॉनेसीनें उतरून घेतलेले गुण असे कीं, ती उष्ण, उत्तेजक व स्तंभक आहे, कफ व वायु यांचा नाश करते, स्मृति, वक्तृत्व व भूक वाढविते, बलकर आहे. अर्धशिशीचें नांव नाहीं.

मौनावरून केलेलें अनुमान दुर्बळ असतें, हें आम्ही जाणतों. परंतु तें सर्वत्र सारखेंच दुर्बळ नसतें. साक्षीदारास दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्या, सांगण्याचा प्रसंग असावा, आणि ऐकणारास लिहून घेण्याची उत्सुकता असावी. या तीन अटी पुऱ्या झाल्या तर मौनहि बोलतें. येथें तिन्ही पुऱ्या होतात. गुप्तांस रोग ठाऊक होता, वनस्पति ठाऊक होती. प्रश्न नेमका औषधी उपयोगाचाच होता. आणि ओशॉनेसी तर नवा उपयोग मिळतो काय म्हणून टपून बसला होता. एवढें असून जर हा योग त्या टिपणांत आला नाहीं, तर बंगालच्या तत्कालीन वैद्यांच्या चालू परंपरेंत तो नव्हता, किंवा उल्लेख करण्याइतका रूढ नव्हता, असेंच म्हणावें लागेल.

याच ठिकाणीं दुसऱ्या बाजूच्या अन्यायाचाहि उल्लेख केला पाहिजे. पुढील इंग्रजी लेखांतून ओशॉनेसीचें नांव शतकभर गाजलें. पंडितांचीं व हकिमांचीं नांवें त्यानें स्वतः छापलीं असतांहि मागें पडलीं. पूर्वजांस न केलेल्या शोधाचें श्रेय देण्यापेक्षां, ज्यांनीं खरोखर श्रम केले त्या चौघांचीं नांवें घेणें हें अधिक योग्य नव्हे काय?

७

ओशॉनेसी १८४१ च्या सुमारास रजेवर विलायतेस गेला, तेव्हां गांजा बरोबर घेऊन गेला. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील औषधविक्रेता पीटर स्क्वायर यानें त्याचा मद्यार्कांत अर्क काढला. १८४३ सालीं जॉन क्लेंडिनिंग यानें या अर्काचे झोंप व वेदनाशमन यांविषयींचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यानंतर अर्धशिशीचें प्रकरण सुरू होतें. १८७२ सालीं रिचर्ड ग्रीन यानें ‘प्रॅक्टिशनर’ या मासिकांत अर्धशिशीवरील भांगेच्या उपयोगावर स्वतंत्र लेख लिहिला. त्याचा विशेष असा कीं, हें औषध झटका आल्यावर घेण्यापेक्षां रोज थोडें घेऊन झटके टाळावे. १८७७ मध्यें न्यूयॉर्कच्या एडवर्ड सेगिन यानें हीच पद्धति पुरस्कारिली. १८८७ त स्टीफन मॅकेंझी यानें सतत राहणाऱ्या डोकेदुखीवर लिहिलें. विल्यम गॉवर्स यानें मज्जारोगांवरील आपल्या मोठ्या ग्रंथांत भांगेस स्थान दिलें. १८९० सालीं जॉन रसेल रेनल्ड्स यानें ‘लॅन्सेट’मध्यें तीस वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष दिला आणि त्यांत अर्धशिशीस ठळक जागा दिली, त्याच लेखांत, अर्काची शक्ति प्रत्येक वेळीं निराळी असते म्हणून मात्रा अत्यल्प ठेवून चढवीत न्यावी, असा इशाराहि दिला. १८९२ मध्यें विल्यम ऑस्लर यानें आपल्या पाठ्यपुस्तकांत अर्धशिशीवरील औषधांत हेंच बहुधा सर्वांत समाधानकारक असें मत नोंदविलें.

रेनल्ड्स हा राजघराण्याचा वैद्य असल्यामुळें व्हिक्टोरिया राणीहि भांग घेत असे, अशी एक लोकवार्ता पुष्कळ पुस्तकांत शिरली आहे. तिला समकालीन लेखी पुरावा नाहीं. वैद्य राणीचा, औषध वैद्याचें, म्हणून औषध राणीचें, एवढाच तिचा आधार. असल्या त्रैराशिकानें इतिहास लिहितां येत नाहीं.

या काळांत माल मात्र येथूनच जात होता. बंगाल्यांत राजशाहीकडील नौगांव, मध्यप्रांतांत खांडवा आणि मुंबई इलाख्यांत अहमदनगर जिल्हा हीं गांजाच्या लागवडीचीं ठिकाणें होतीं. १८९३ सालीं पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून सरकारनें चौकशीचें मंडळ नेमलें. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सभासद, त्यांत तिघे हिंदी. १,१९३ जणांच्या साक्षी झाल्या. वैद्य, हकीम, डॉक्टर, जमीनदार, साधु सर्व त्यांत होते. बेताचें सेवन बहुशः निरुपद्रवी, अतिरेक घातक, आणि सरसकट बंदी अनुचित, असा १८९४ चा निर्णय झाला. संशोधकांच्या दृष्टीनें त्या अहवालाचीं परिशिष्टें अधिक मोलाचीं आहेत. संस्कृत व हिंदी ग्रंथांतील उल्लेखांवर जॉर्ज ग्रियर्सन यांनीं टिपण लिहिलें. आणि मुंबईचे कलेक्टर, गॅझेटियरचे संपादक म्हणून महाराष्ट्रास सुपरिचित असलेले जेम्स कॅम्बेल यांनीं भांगेच्या धार्मिक उपयोगावर लिहिलें. शिव, होळी, बैरागी यांच्याशीं असलेला भांगेचा संबंध त्यांत विस्तारानें आला आहे.

८

हें औषध मागें कां पडलें, याचीं कारणें बंदीपूर्वींचींच आहेत. त्यांतील सत्त्व पाण्यांत विरघळत नसे, म्हणून सुईनें टोंचतां येत नसे. समुद्रप्रवासांत व गोदामांत माल निर्जीव होई. एका कुपीनें गुण यावा व दुसरीनें भ्रम व्हावा, असें चाले. १८९९ त ॲस्पिरिन बाजारांत आली, १९२० नंतर एर्गोटामिन अर्धशिशीवर रूढ झालें. १९२५ च्या जिनिव्हा करारांत भांगेचा समावेश झाला. १९३२ मध्यें ब्रिटिश औषधकोशांतून व १९४२ मध्यें अमेरिकेच्या औषधकोशांतून ती गळाली. त्याच १९४२ सालीं अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबीन ऋतुकालीन अर्धशिशीवर तिची शिफारस करीत होते, हा योगायोग लक्षणीय आहे. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध ठरले. नुसतीं पानें त्या व्याख्येबाहेर राहिलीं, म्हणून भांग राज्याराज्यांच्या नियमांवर सोंपविली गेली. आयुर्वेदीय औषधांच्या नियमांत ती विषद्रव्यांच्या यादींत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रसायनशास्त्रानें गांठ उकलली. १९६४ मध्यें राफाएल मेशुलाम व येहिएल गाओनी यांनीं मुख्य मादक सत्त्व शुद्ध स्वरूपांत मिळविलें. १९८८ मध्यें मेंदूंत तें जेथें चिकटतें तें ठिकाण सांपडलें; १९९२ मध्यें देह स्वतःच तयार करतो असें तत्सम द्रव्य जेरुसलेम येथें हातीं लागलें, आणि शोधकांनीं त्यास ‘आनंदामाइड’ असें नांव दिलें. तें आपल्या ‘आनंद’ शब्दावरून. या कहाणींत संस्कृताचा जो निर्विवाद वांटा आहे तो हा.

रोग्यांवरील पुराव्याविषयीं थोडक्यांत सांगतों. २०१६ मध्यें कोलोरॅडो येथील १२१ रोग्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हां महिन्याचे झटके सरासरी १०.४ वरून ४.६ वर आल्याचें दिसलें. परंतु तेथें तुलनेस दुसरा गट नव्हता; आणि वाग्भटानें सांगितलेंच आहे कीं हा रोग आपला आपण शमतो. स्वतः शमणाऱ्या रोगांत शेवटीं घेतलेल्या औषधास श्रेय मिळतें. आपल्याकडे सूर्योदयापूर्वीं दूध-जिलेबी खाऊन अर्धशिशी उतरल्याचे दाखले घरोघर मिळतात ते यामुळेंच. म्हणून कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें नेथॅनियल शूस्टर यांनीं खऱ्या औषधाबरोबर निःसत्त्व औषधाचीहि तुलना केली, रोगी ९२. त्याचे आंकडे २०२४ मध्यें मांडले गेले. दोन्ही सत्त्वांच्या मिश्रणाची वाफ घेतल्यावर दोन तासांत ६७.२ टक्के वेळां आराम पडला. निःसत्त्व वाफेनें ४६.६ टक्के वेळां. फरक खरा आहे. पण ४६.६ हा आंकडाहि विसरूं नये. औषधावांचूनच इतक्यांस बरें वाटलें. शिवाय वारंवार घेतल्यानें औषधामुळेंच डोकेदुखी जडण्याचा धोका असल्याचें दुसऱ्या अभ्यासांनीं सुचविलें आहे. तेव्हां वैद्याच्या सल्ल्यावांचून हा प्रयोग कोणीं करूं नये.

९

एकंदर विचारावरून निर्णय असा होतो. रोगाचें अचूक वर्णन आमच्या संहितांचें. वनस्पति व तिची औषधी ओळख आमची, परंतु मध्ययुगीन. दोहोंचा संयोग नस्यरूपानें प्रथम गुंदेशापुरांत दिसतो, आणि पोटांतील औषध म्हणून तो एकोणिसाव्या शतकांत लंडन व न्यूयॉर्क येथें रूढ झाला. त्या संयोगास लागणारी सामग्री कलकत्त्याच्या पंडितांनीं व हकिमांनीं पुरविली. यांत आपल्यास कमीपणा कांहींच नाहीं.

हा निर्णय एका नव्या कागदानें बदलूं शकतो, आणि तो कागद एखाद्या वाचकाच्याच दप्तरांत असणें शक्य आहे. वैद्यकीय बाडांत भांग व अर्धशिशी एकत्र आढळल्यास चार गोष्टी पाहाव्या. पहिली, शब्द कोणता: नुसती विजया असून बरोबर बेहडा, आंवळा असतील तर ती हिरडाच समजावी, दुधांत शिजविणें, तुपांत परतणें, घोटणें या क्रिया असतील तर भांग. दुसरी, रोग कोणता: अर्धशिशी, सूर्यावर्त व साधें कपाळ दुखणें हीं एक नव्हेत. तिसरी, रूप कोणतें: नस्य वा लेप असेल तर युनानी संबंधाचा शोध घ्यावा. चौथी व सर्वांत महत्त्वाची, काळ कोणता: कागद, शाई, मोडीचें वळण यांवरून नोंद १८४३ च्या अलीकडची ठरत असेल तर ती इंग्रजी दवाखान्यांतून उलट आलेली असूं शकते, कारण त्या काळच्या बाडांत हिंगाष्टकाशेजारीं क्विनाईनहि बसलेलें असतें. या चार कसोट्यांस उतरणारी आणि त्याहून जुनी एकच ओळ ज्यांस सांपडेल, त्यांनीं ती पानाच्या दोन्ही बाजूंच्या नकलेसह व बाडाच्या पूर्वापर माहितीसह प्रसिद्ध करावी. तिच्यापुढें आमचा हा निर्णय आम्ही संतोषानें मागें घेऊं.